आमच्या पट्ट्याला वजन द्या!

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठी विभागात लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. 'विषय गेमिंगचा, मग इंग्रजी विभागात का नाही दिलास?' असं मला विचारून झालंय. ज्या शब्दांसाठी हा लेख लिहितेय ते शब्द इंग्रजीत नाहीत, म्हणून नाही दिला.

गोष्ट सबमिशनच्या आदल्या रात्रीची. जर्नल पूर्ण करायचं सोडून आमच्या रूममध्ये वाद रंगला होता. फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये इतिहासातलं एकच शस्त्र आणायची मुभा मिळाली तर कुठलं आणाल? एकीने कटाना म्हणताच तिला सगळ्यांनी गप्प केलं, कारण कटाना नाही असा गेम शोधावा लागेल. मग मी सुरू झाले. हॅलबर्ड, ग्लेव्ह, मॉर्निंगस्टार, फ्लेल... पाठ केल्यासारखी नावं. शेजारच्या कॉटवरून शिरोळकडची रूममेट म्हणाली, "आणि विटा?"

मी म्हटलं, "विटा? ते खानापूर तालुक्यातलं गाव ना?"

त्या रात्री माझं जे हसं झालं ते अजून चालू आहे. मेसमध्ये मला 'विटा एस.टी. स्टँड' म्हणतात. पण हसून झाल्यावर मला खरंच वाईट वाटलं. स्विस सैनिकाच्या हातातल्या कुऱ्हाडवजा भाल्याचं नाव मला माहीत होतं, आणि मराठ्यांचा मनगटाला दोरी बांधून फेकायचा भाला मी गाव समजत होते. जयसिंगपूरहून कोल्हापूर जेमतेम ४० किलोमीटर. तिथल्या तालमींत अजून मर्दानी खेळ शिकवतात. मिरवणुकीत लाठी आणि दांडपट्टा मी लहानपणापासून बघत आले. बघायचे, टाळ्या वाजवायचे आणि घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसायचे. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कधी डोक्यातच आलं नाही.

आता हॅलबर्ड मला माहीत का? त्याचं कारण मजेशीर आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला आणि आजचे बहुतेक रोल-प्लेइंग गेम त्याचीच नातवंडं-पतवंडं. त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक गॅरी गायगॅक्स. या माणसाला लांब दांड्याच्या युरोपियन शस्त्रांचं वेड होतं. १९८५ च्या 'अनअर्थ्ड आर्काना' पुस्तकात त्याने या शस्त्रांच्या नावांवर वेगळं परिशिष्टच जोडलं. म्हणजे एका माणसाने आपल्या आवडीची शस्त्रं पेटीत भरली आणि ती पेटी जगभर गेली. यात आपल्यावर अन्याय वगैरे काही नाही. त्याने त्याचं काम केलं, आपली पेटी आपणच भरली नाही, एवढंच.

आपली शस्त्रं गेममध्ये अजिबातच नाहीत असंही नाही. दादाच्या जुन्या सीडीवरचा 'डायब्लो टू' आठवतो? २००१ च्या एक्स्पान्शनमध्ये असॅसिन आली, तिच्या हातात कटार आहे. पण गेमने ती पंज्यांच्या गटात टाकलीय. खरी कट्यार आडव्या मुठीची, ठोसा मारावा तशी सरळ भोसकायची. 'एज ऑफ एम्पायर्स टू'मध्ये २०२२ साली उरुमी आणि चक्र घेतलेले सैनिक आले. आणि २०२२ च्याच 'एल्डन रिंग'मध्ये तर चक्क पट्टा आहे! 'सायफर पाटा' नावाचा. तो सापडल्यावर मी खुर्चीतून उठले होते. मग त्याचा तपशील वाचला. पातं उजेडाचं. वजन शून्य.

शून्य! माझं सगळं भांडण या एका आकड्याशी आहे.

मी शहाणपणाने बोलतेय असं वाटेल, म्हणून कबूल करते की दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मलाही यात काही खटकलं नसतं. त्या हॉस्टेलच्या हशानंतर मी हट्टाने कोल्हापूरला मामाकडे गेले आणि त्याच्या ओळखीने एका तालमीत. तिथे माझ्यापेक्षा लहान मुली लाठी फिरवत होत्या. पट्टा पहिल्या दिवशी कुणाच्याच हातात देत नाहीत. आधी पवित्रे, मग लाठी, मग फरी-गदका, आणि पट्टा पुढे कधीतरी. पण मी पाहुणी. वस्ताद म्हणाले, "नुसता हात घालून बघा."

पट्ट्याला तलवारीसारखी मूठ नसते. कोपराच्या अलीकडेपर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा असतो, त्याच्या आत आडवा दांडा. तो मुठीत धरायचा. पुढे तीन-साडेतीन फुटांचं, दोन्ही बाजूंनी धार असलेलं लवचिक पातं. मी हात घातला आणि सवयीने मनगट वळवायला गेले. वळेचना! खोबळ्याने ते बांधून टाकलेलं. वस्ताद हसून म्हणाले, "मनगाट इसरायचं बाळ. आता खांद्यापास्नं टोकापतूर सगळा तुजा हातच हाय."

या वाक्यातलं मेकॅनिक्स मला एस.टी.त परत येताना कळलं. तिकिटाच्या मागे गणित केलं (फर्स्ट इयरला घोकलेला पॅरलल ॲक्सिस थिअरम आयुष्यात प्रथमच उपयोगी पडला). पातं ९० सेंटिमीटरचं आणि सगळीकडे सारख्या वजनाचं धरा, मनगट ते कोपर २५ सेंटिमीटर. तलवार मनगटातून फिरते, पट्टा कोपरातून किंवा खांद्यातून. फिरण्याचा आस मनगटावरून नुसता कोपरापर्यंत मागे नेला तरी त्याच पात्याचं मोमेंट ऑफ इनर्शिया दुपटीच्या किंचित वर जातं. खांद्यातून फिरवलं तर विचारूच नका. म्हणजे पट्टा सुरू करायला जड आणि थांबवायला त्याहून जड. म्हणूनच पट्टेकरी तो थांबवतच नाही. एका वाराचा शेवट म्हणजे दुसऱ्याची सुरुवात. पाय फिरतात, कंबर फिरते, माणूस सगळा भोवऱ्यासारखा, आणि भोवती कुणी फिरकू शकत नाही.

आता याच्याकडे गेमरच्या नजरेने बघा. बहुतेक गेममध्ये काय असतं? प्रत्येक वाराला स्टॅमिना कमी होतो, थांबलं की भरतो. पट्ट्याचं उलटं पाहिजे. फिरवत राहणं स्वस्त, थांबणं आणि दिशा बदलणं महाग. गर्दीत राजा, अरुंद बोळात कुचकामी. आणि हात खोबळ्यात अडकलेला, म्हणजे त्या हाताने दार उघडता येणार नाही, शिडी चढता येणार नाही, मधेच बाटली काढून पोशन पिता येणार नाही! असं शस्त्र खेळताना डोकं वेगळं चालवावं लागेल. कटानाचं नाव बदलून 'पट्टा' ठेवलं तर ते होणार नाही. आणि उजेडाचं पातं लावून वजन शून्य केलं तर पट्ट्यातला पट्टाच जातो.

विट्याचंही तसंच. २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये क्रेटॉसने फेकलेली कुऱ्हाड जादूने हातात परत येते, सगळे खूश. आमचा विटा दोरीने परत येतो. जादू लागत नाही. पण दोरी मनगटाला बांधलेली, म्हणजे समोरच्याने ती धरली की तुम्ही त्याच्या हातात. फेकू की नको, हा विचार प्रत्येक वेळी करायला लावणारं शस्त्र मला पाहिजे.

वाघनखांबद्दल थोडक्यात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यात आली तेव्हा केवढी गर्दी झाली. ती महाराजांनीच वापरलेली, याची खात्री देता येत नाही असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. तो वाद इतिहासवाल्यांनी सोडवावा. माझा मुद्दा एवढाच की गेममध्ये ती फूटभर लांब करून मारामारीला देतात. खरी वाघनखं मुठीत लपतात, बाहेरून दिसल्या तर बोटांतल्या अंगठ्या. ते रणांगणाचं शस्त्रच नव्हे, भेटीचं आहे. म्हणजे गेममध्ये त्यांची जागा फाइटच्या आधीच्या संवादात पाहिजे.

एवढं सगळं मी आमच्या मिनी-प्रोजेक्टच्या ग्रुपला सांगितलं. आम्ही युनिटीमध्ये छोटा डेमो करतोय. तिथे दुसरं भांडण. एक मित्र म्हणाला, "पट्टा आपला आहे, २०२४ च्या शिवजयंतीला तो महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालाय, डॅमेज सगळ्यात जास्त ठेवायचं." दुसरा म्हणाला, "मग हिरो महाराजच करू, नाहीतर बाजीप्रभू." तिसरा घाबरला, "नको रे बाबा, काही चुकलं तर लोक प्रोजेक्टसकट आपल्याला फोडतील."

मला तिघांचंही पटलं नाही. डॅमेज ९९९ ठेवलेलं शस्त्र लोक दोन दिवस खेळतात आणि सोडतात. ज्याला काही खोट नाही ते शिकण्यासारखंही नसतं. आपल्याला अभिमान असेल तर पट्टा किती अवघड आहे ते दाखवावं ना. आणि महाराज, बाजीप्रभू, जिवा महाला यांना आपल्या सेव्ह-लोडच्या खेळात आणून दहादा मारायचं, दहादा जिवंत करायचं, हे मला तरी झेपत नाही. फँटसीचा फायदाच तो आहे. राज्य खोटं, राजा खोटा, राक्षस खोटे, फक्त शस्त्र खरं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' काढला. त्यात एका सर्कशीतल्या मुलीच्या हातात त्रिशूळ आहे, आणि तिच्या कसरतीच्या उड्यांशी तो जुळवलाय. जमतं म्हणजे!

पण त्यासाठी तालमीत जावं लागेल. पट्ट्याचं पातं म्युझियममध्ये काचेआड राहील, त्याला काही होत नाही. पट्ट्याची चाल मात्र वस्तादांच्या अंगात आहे. ती अंगातून अंगात जाते, आणि तालमीत येणारी बरीच मुलं दहावीच्या क्लासपायी सुटतात हे वस्तादांनीच मला सांगितलं. मोशन कॅप्चर करायचं तर त्यांचंच करावं, आणि केलं तर फुकटात करू नये. मानधन द्यावं, आणि गेमच्या शेवटी जी नावं सरकत जातात त्यात वस्तादांचं आणि तालमीचं नाव डिझायनरच्या वर असावं. ग्रुपमध्ये यावर मतदान झालं. 'वर' हा शब्द सोडून बाकी ठराव पास. मी अजून भांडतेय.

सध्या आमच्याकडे मोशन कॅप्चर म्हणजे माझा मोबाईल. गेल्या रविवारी तालमीतल्या एका मुलीने जमिनीवर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने कापलं, ते मी सेकंदाला ६० फ्रेमने शूट केलं. लॅबमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिली. एका फ्रेममध्ये लिंबू अख्खं आहे आणि तिचा हात खांद्याच्या वर. नंतरच्या दोन-तीन फ्रेममध्ये नुसता पांढरा फराटा. त्यानंतर दोन फोडी. अँगल मोजायला त्यातलं काहीच उपयोगाचं नाही. कुणाकडे जास्त फ्रेमचा कॅमेरा असेल तर येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ला स्टँडवर भेटा. लिंबं मी आणते.