कात्री कुठे लावायची?

मार्च 2004 मध्ये लुकासआर्ट्सने ‘सॅम अँड मॅक्स : फ्रीलान्स पोलिस’ हा गेम, काम बरेच पुढे गेलेले असताना, गुंडाळून ठेवला. कारण सांगितले ते बाजाराच्या परिस्थितीचे. ‘मंकी आयलंड’पासून ‘ग्रिम फँडँगो’पर्यंत पॉइंट-अँड-क्लिक अ‍ॅडव्हेंचरचे घराणे ज्या कंपनीने नावारूपाला आणले, तिनेच त्याला कुलूप घातले. 1998 च्या ‘ग्रिम फँडँगो’चे समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केले होते, पण गल्ल्यात त्याचा आवाज फारसा उमटला नाही. ‘अ‍ॅडव्हेंचर मेला’ हे वाक्य त्या सुमारास जे रूढ झाले, ते अजून पुसलेले नाही. आजही एखादा छोटा स्टुडिओ कोड्यांचा गेम घेऊन पब्लिशरकडे गेला, की समोरून हमखास विचारणा होते : यात थोडी मारामारी घालता येईल का?

प्रश्न विचारणाऱ्याचे पैसे अडकणार असतात, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चूक आहे ती उत्तरात. मूठभर चाहत्यांच्या प्रकारात जोखीम कमी करायची म्हणजे गेम सर्वांना चालेल असा पातळ करायचा, हे आपण न तपासता मान्य करून टाकतो.

त्या गुंडाळलेल्या गेमचेच पुढे काय झाले ते पाहावे. लुकासआर्ट्समधून बाहेर पडलेल्या मंडळींनी त्याच वर्षी टेलटेल गेम्स काढली आणि ऑक्टोबर 2006 पासून सॅम-मॅक्सची नवी मालिका 6 भागांत आणली. सॅम-मॅक्सचे ऑफिस, त्याखालचा रस्ता, बॉस्कोचे दुकान हे नेपथ्य भागामागून भाग तेच राहिले. पण दुकानदार बॉस्को दर वेळी नवे सोंग घेऊन उभा असे आणि शेजारची सिबिल दर भागात नवा धंदा थाटून बसलेली असे. ज्याने खर्च वाढतो, ते मॉडेलिंग आणि लोकेशनचे काम एकदाच झाले. ज्यासाठी चाहता येतो, तो विनोद आणि ती कोडी दर वेळी ताजी मिळाली. आपल्याकडच्या नाटकवाल्यांना ही युक्ती कुणी शिकवायला नको.

पुढे याच टेलटेलची गाडी उलट्या दिशेने गेली. 2012 च्या ‘द वॉकिंग डेड’ने यश दिले आणि मग तोच साचा ‘गेम ऑफ थ्रोन्स’, ‘बॅटमॅन’, ‘माइनक्राफ्ट’वर मारला गेला. नावे मोठी होत गेली, इंजिन जुनेच राहिले, निवडींचे वजन हलके होत गेले. सप्टेंबर 2018 मध्ये कंपनीने सुमारे 250 जणांना एकदम घरी पाठवले. ओळखीच्या ब्रँडची नावे घेणे हा सुरक्षित मार्ग समजला जातो, म्हणून ही तारीख लक्षात ठेवलेली बरी.

पैसा मिळाला म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. ‘ग्रिम फँडँगो’चे कर्ते टिम शेफर यांच्या डबल फाइनने 2012 मध्ये किकस्टार्टरवर 4 लाख डॉलरची लोकवर्गणी मागितली, जमले 33 लाखांहून अधिक. वर्गणी वाढली तसा मांडवही वाढला. ‘ब्रोकन एज’ अखेर दोन तुकड्यांत विकावा लागला : पहिला जानेवारी 2014 मध्ये आणि त्याच्या विक्रीच्या आधारावर दुसरा एप्रिल 2015 मध्ये. अ‍ॅडव्हेंचरला ग्राहक नाही ही समजूत एका दिवसात खोटी ठरली होती. अडचण आली ती आकाराची.

आकार आवरला तर काय साधते, हे लुकास पोप यांनी ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये दाखवले. नॉटी डॉगसारख्या बड्या स्टुडिओतून बाहेर पडलेल्या या माणसाने जवळपास एकहाती, चार वर्षांहून अधिक काळ खपून, तो 2018 मध्ये पुरा केला. खेळणारा ईस्ट इंडिया कंपनीचा विमा-निरीक्षक. जहाजावरच्या 60 जणांपैकी कोण कोण होता आणि त्याचे काय झाले, हे वहीत भरायचे. चित्र जुन्या मॅकिंटॉशसारखे दोन रंगांचे. कात्री लागली ती इथे, चित्रावर. वहीच्या नियमाला मात्र हात लागला नाही : 3 नोंदी बरोबर जुळल्याशिवाय गेम होकार देत नाही, म्हणजे अंदाजपंचे उत्तर ठोकून पुढे सरकता येत नाही. एखाद्या सावध सल्लागाराने पहिल्याच बैठकीत हा नियम सैल करायला लावला असता. तसे केले असते तर हातात एक संथ, काळापांढरा गेम उरला असता.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ प्रकाराने वेगळा, अ‍ॅक्शनचा. तरी हिशेब ओळखीचा. 2017 ची किकस्टार्टर मोहीम फसली, एका संस्थापिकेने फ्लॅट विकला, एपिकचे अनुदान मिळाले आणि 2020 मध्ये गेम बाहेर आला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या नामांकनांत तो होता. गोष्ट अचानक संपते ही टीकाही झाली. राजस्थानी आणि बाली वास्तुकला, छायाबाहुल्यांच्या खेळासारखी कथनशैली यांवर तडजोड नव्हती. लांबी आखूड ठेवली गेली. कात्री योग्य ठिकाणी लागली, असे या मासिकाचे मत आहे. फ्लॅट विकण्याची गोष्ट मात्र सत्काराला ठीक. पुढच्या स्टुडिओने ती बजेटची पद्धत म्हणून उचलू नये.

स्टीमवर 2 तासांपेक्षा कमी खेळून, 14 दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात आणि प्रत्येक विक्रीतले साधारण 30 टक्के दुकानच ठेवते. मंद आचेवर शिजणाऱ्या गेमला हे दोन्ही आकडे जाचक आहेत. म्हणूनच पिच लिहिताना प्रकरणे किती, पात्रे किती, बोलके संवाद किती यांवर आधी पेन्सिल फिरवावी आणि पहिल्या 2 तासांत गेमची खरी खोड दिसेल असे पाहावे.

पुढील अंकात असे जमाखर्च छापायचा विचार आहे, विशेषतः तोट्यात गेलेल्या गेमचे. किती महिने ठरवले, किती लागले, काय कापले आणि काय कापायला नको होते, एवढे लिहून पाठवावे. स्टुडिओचे नाव नको असेल तर छापले जाणार नाही.