मंद कॉम्प्युटर आणि डिफ्रॅगचा खर्च

मुंबईहून मे महिन्यात गावी येणारे आपले चाकरमानी कधी कधी कंपनीतून निघालेला एखादा जुना कॉम्प्युटर पुतण्या-भाच्यांसाठी घेऊन येतात. चार महिने तो बरा चालतो. मग सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागतात आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलेली मुलगी रडकुंडीला येते. दुकानात नेला तर सांगतात, "डिफ्रॅगमेंट करावे लागेल, त्याचे सॉफ्टवेअर घ्या." ते कोणते घ्यावे, असे ओरोस परिसरातील दोन-तीन कुटुंबांनी आम्हाला विचारले आहे. आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो: विकत काहीही घेऊ नका.

आता कारण. कचेरीत काम केलेल्यांना हे चटकन कळेल. एकाच प्रकरणाचे कागद जागा मिळेल तसे पाच कपाटांत कोंबले, तर साहेबांनी फाइल मागितल्यावर शिपायाला पाच ठिकाणी धावावे लागते. हार्ड डिस्कचे तसेच आहे. तिच्यात चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारी सुई इकडून तिकडे सरकते. फाइलचे दोनशे तुकडे विखुरलेले असतील तर नुसत्या या धावपळीत दोन-तीन सेकंद जातात. तुकडे सलग लावून ठेवणे म्हणजे डिफ्रॅगमेंट करणे.

हे काम करणारे साधन १९९३ साली एमएस-डॉस ६ बरोबरच मिळत होते. विंडोज ९५ मध्येही होते. १९९६ च्या विंडोज एनटी ४ मध्ये मात्र ते नव्हते, म्हणून डिस्ककीपरसारखी सॉफ्टवेअरे पैसे मोजून घ्यावी लागत. दुकानदारांच्या डोक्यात अजून तोच काळ असावा! विंडोज व्हिस्टा (२००७) पासून तर हे काम दर आठवड्याला आपोआप होण्याची सोय आहे. स्टार्टमध्ये 'डीफ्रॅगमेंट' असे टाइप करा, खिडकी उघडेल. तिथे शेवटचे काम कधी झाले ते दिसते. डिफ्रॅगलरसारखी मोफत साधनेही आहेत. एकच मोठी फाइल नीट लावायची असेल तर ते उपयोगी पडते, एरवी गरज नाही. मोफत म्हणून कोठूनही उतरवू मात्र नका. अशा सॉफ्टवेअरबरोबर नको ती चार सॉफ्टवेअरे घरात घुसतात.

विंडोज ८ पासूनच्या त्या खिडकीत डिस्कचा प्रकारही लिहिलेला असतो, तो आधी वाचा. 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असे असेल तर बाहेरचे डिफ्रॅग सॉफ्टवेअर त्यावर चालवूच नये. त्यात ना चकती ना सुई, त्यामुळे धावपळ वाचण्याचा प्रश्नच नाही. उलट त्यावर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते आणि फुकट लिखाणाने ती झिजते. विंडोज त्यासाठी वेगळी, हलकी साफसफाई स्वतः करते.

साधी हार्ड डिस्क असेल तर निदान १५ टक्के जागा रिकामी करा. लग्नाचे व्हिडिओ दोन-दोन प्रतींत पडलेले असतातच. काम काही तास चालू शकते, म्हणून पावसाळ्यात गडगडाट सुरू असताना किंवा वीज ये-जा करत असताना ते हाती घेऊ नये. डिस्कमधून कटकट असा आवाज येत असेल तर डिफ्रॅग अजिबात नको. मरणाऱ्या डिस्कला तेवढी धावपळ सोसत नाही. आधी जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका यांच्या स्कॅन केलेल्या प्रती पेनड्राइव्हवर घ्या. आमच्या मते ही गोष्ट डिस्क चांगली असली तरी आजच करावी. कागद पुन्हा मिळवायला किती खेपा लागतात हे आपल्याला कोणी सांगायला नको.

एवढे करूनही मंदपणा गेला नाही तर सॉफ्टवेअरचे पैसे बाजूला ठेवून त्यात थोडी भर घाला आणि जुनी डिस्क काढून छोटी सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसवा. जुन्या मशीनला सर्वाधिक फरक त्यानेच पडतो. दुकानदाराला बिल मागा, जुनी डिस्क परत घ्या. तिच्यात आपल्या घरचे कागद असतात.