प्रवेश दिला, पण जागा कोठे आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली उच्च शिक्षणसंस्थांना मंजूर जागांच्या वर 25 टक्क्यांपर्यंत जादा जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी निर्माण करण्याची मुभा दिली. छत्रपती संभाजीनगराला या मुभेचे नावीन्य वाटण्याचे कारण नाही. शहर औरंगाबाद या नावाने ओळखले जात होते तेव्हापासून येमेन, इराक, सुदान अशा देशांतील तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात व येथील महाविद्यालयांत पदवीसाठी आणि संशोधनासाठी येत आले आहेत. त्यांचे येणे शहराला भूषणावहच आहे. प्रश्न आहे तो यजमानांच्या तयारीचा.

जादा जागा कागदावर निर्माण होतात; त्याबरोबर वसतिगृहातील खाटा वाढत नाहीत. पायाभूत सोयी व अध्यापकवर्ग पाहून संस्थेनेच या जागांचा निर्णय घ्यावा, असे आयोगाने म्हटले आहे. म्हणजे जबाबदारी दिल्लीवर ढकलता येत नाही. परदेशी विद्यार्थ्याकडून स्थानिकापेक्षा अधिक शुल्क घेण्याचा रिवाज सर्वत्र आहे. ते कोशागारात जमा झाले की त्या विद्यार्थ्याशी संस्थेचा संबंध बहुधा हजेरीपुरताच उरतो. वसतिगृहात जागा न मिळालेला तरुण खोली शोधत गल्लोगल्ली हिंडतो. अरबी बोलणारा प्रत्येक जण तेलविहिरीचा धनी असतो, अशी घरमालकांची समजूत. आणि ज्या येमेनमध्ये 2014 पासून यादवी चालू आहे, तेथल्या मुलाला घरून पैसे येतील की नाही याचीच भ्रांत! त्यात परीक्षेचा निकाल रखडला की व्हिसाच्या मुदतवाढीचा प्रश्न उभा राहतो, कारण मुदतवाढीसाठी संस्थेचा दाखला लागतो. स्थानिक विद्यार्थ्याला उशिराचा निकाल हा मनस्ताप आहे, परदेशी विद्यार्थ्याला ते देशातील वास्तव्यावरचे संकट ठरू शकते.

सरकारची नजर मात्र या विद्यार्थ्यांवर बारीक आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या आप्रवास व परदेशी नागरिकविषयक कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास कळवण्याचे बंधन शिक्षणसंस्थांवर घातले आहे. माहिती कळवणे हे कायद्याचे बंधन, आणि त्यांना राहायला खोली मिळवून देणे ही केवळ मर्जीची बाब! 2020 च्या शैक्षणिक धोरणाने परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे असे सुचवले. पण दारावर पाटी लावली म्हणजे कार्यालय चालू झाले असे होत नाही.

उपेक्षेची किंमत काय असते हे अहमदाबादेत दिसले. 16 मार्च 2024 च्या रात्री गुजरात विद्यापीठाच्या वसतिगृहात नमाज पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ला केला. जखमींना रुग्णालयात हलवल्यानंतर सुरक्षित वसतिगृहाचा विचार सुरू झाला. संभाजीनगरने अशा रात्रीची वाट पाहू नये.

या विद्यापीठाला तर त्याच्या नावाचीच आठवण पुरेशी आहे. बाबासाहेब स्वतः परदेशी विद्यार्थी होते. 1913 साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांना सहज जागा मिळाली. 1917 मध्ये नोकरीसाठी बडोद्यास परतलेल्या त्याच विद्वानाला मात्र शहरात खोली मिळेना. पारशी असल्याचे सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. 1950 साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय काढले. त्याला मिळालेले ‘मिलिंद’ हे नावही भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचेच आहे.

आज प्रश्न विचारायला परदेशी विद्यार्थ्याला जागाच नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेत अध्यक्ष, सचिव, विद्यार्थिनी आणि आळीपाळीने राखीव प्रवर्गांचा प्रतिनिधी अशी रचना केली. परदेशी विद्यार्थी त्यात कोठेच नाही. तिच्या थेट निवडणुकाही 2019 मध्ये विधानसभा निवडणुकीचे कारण देऊन पुढे ढकलल्या गेल्या. निवडून न आलेली परिषद दुसऱ्यांचे गाऱ्हाणे काय मांडणार?

तरीही मंत्रालयाच्या आदेशाविना होण्यासारखे पुष्कळ आहे. प्रत्येक महाविद्यालय विकास समितीने प्रवेशाआधी किती परदेशी विद्यार्थ्यांना खोली देता येईल याचा आकडा लेखी जाहीर करावा, त्या विषयापुरते परदेशी विद्यार्थ्यांच्या एका प्रतिनिधीस बैठकीला निमंत्रित करावे आणि व्हिसाची मुदत संपत आलेल्यांचे निकाल व दाखले अग्रक्रमाने द्यावेत. 27 जुलै 1978 च्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. तेथपासून 14 जानेवारी 1994 पर्यंत नामांतरासाठी घरोघर फिरलेल्या कार्यकर्त्यांची पुढची पिढी याच शहरात राहते. येत्या जूनमध्ये तिने भाड्याच्या खोल्यांची यादी करावी आणि परक्या मुलांबरोबर घरमालकाच्या दारापर्यंत जावे.