‘आय वर्क हार्डली’ म्हणजे मेहनत नव्हे!

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवार छाती पुढे काढून सांगतो, ‘आय वर्क हार्डली.’ त्याला सांगायची असते मेहनत. समोरच्याला ऐकू येते, ‘मी काम जवळजवळ करतच नाही.’ बिचाऱ्याने शाळेतला नियम इमानाने पाळलेला असतो : क्रियाविशेषणाला ‘ली’ प्रत्यय लागतो. पण ‘हार्ड’ला त्याची गरजच नाही, ‘आय वर्क हार्ड’ एवढे पुरते. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, हाही तसाच चकवा.

त्याहून मोठी फसगत क्रियापद आणि नामाच्या जोडीत होते. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह ॲन एक्झाम’ म्हणतो. आपल्याकडे ते खपते. लंडनमध्ये मात्र विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो किंवा ‘सिट’. ‘गिव्ह’ करतो तो शिक्षक. गृहपाठाला ‘डू’, चुकीला ‘मेक’. का, याला तर्क नाही. आपण तरी हाक मारतो, गप्पा मारतो, थापाही मारतो. त्यात मार कोणाला लागतो?

म्हणून शब्दार्थांनी वह्या भरण्याची आपली पद्धत मला अपुरी वाटते. ‘मिस्टेक म्हणजे चूक’ पाठ करून बोलता येत नाही. ‘मेक अ मिस्टेक’ ही अख्खी जोडीच लिहून ठेवावी. ऑक्सफर्डने २००२ मध्ये केवळ अशा जोड्यांचा शब्दकोश काढला. तो हाताशी नसेल, तर मोबाइलवर शब्द शोधताना अर्थाखालची वाक्येही वाचा. जोडी तिथेच सापडते.