हाताची चव की पाण्याची?
लग्न होऊन देवळाली कॅम्पात आले आणि माझी कणकेची धिरडी वातड व्हायला लागली. "माहेरी काही शिकवलं नाही वाटतं," सासूबाई म्हणाल्या. वर्षभर मीही ते खरंच मानलं. मग उन्हाळ्यात बोअर आटली, आठवडाभर नळाचं, दारणेचं पाणी वापरलं. तीच कणीक, तोच हात, आणि धिरडी मऊ!

बोअरचं पाणी जड. काळ्या खडकातून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. ते गव्हातल्या ग्लुटेनला घट्ट करतं. डाळही त्यामुळेच लवकर शिजत नाही. सरकारी मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम जडपणा ठीक, दुसरं पाणी नसेल तर ६०० सुद्धा चालतो. केवढा फरक हा! जपानी लोकांची तेम्पुरा भजी गव्हाच्याच पिठाची. तिथलं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ, शिवाय ते बर्फासारखं गार घेतात, म्हणून पीठ चिवट होत नाही. (आपल्या बेसनात ग्लुटेनच नाही, ती कटकट नाही.)

मैत्रिणींनो, सुनेच्या हाताला नावं ठेवण्याआधी वाटीभर कणीक दोन पाण्यांत भिजवून बघा की! सासूबाईंनी बघितली. बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी नळाचा हंडा तेवढा वेगळा भरून ठेवला होता.