पावाला नोटीस, वड्याच्या तेलाला माफी

प्रति,
मा. मंत्री, पेट्रोलियम व नैसर्गिक वायू,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: आमच्या कढईतलं तेल आणि आपले 5 टक्के

महोदय,

2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळायचं, असं मे 2018 मध्ये ठरलं. आज मिसळलं जातं ते एक टक्कासुद्धा नाही. धोरण आपल्याच खात्याचं, तेव्हा त्याचा इतिहास आपल्याला सांगत बसत नाही. मला फक्त माझ्या जिन्याखालच्या तीन डब्यांबद्दल बोलायचं आहे.

मी फणसवाडीत फराळाचे पदार्थ करून विकते. चकली, शेव, कडबोळी, दिवाळीत करंज्या आणि चिरोटे. 26 वर्षं कढईपुढे उभी आहे, त्यामुळे तेल कधी संपलं हे मला यंत्राशिवाय कळतं. ताज्या तेलात घाणा सोडला की मोठे बुडबुडे येतात आणि चटकन विरतात. तेल थकलं की फेस बारीक होतो, साबणासारखा कडेने चढतो आणि खाली बसायचं नाव घेत नाही. रंग चहाचा, वास खवट, आणि झारा उचलला की थेंब जड होऊन लोंबत राहतो. याच अवस्थेला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून आकडा दिला: टोटल पोलर कंपाउंड्स 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल तळणीला वापरायचं नाही. बरोबरच केलं. पण वापरायचं नाही, तर त्याचं करायचं काय?

त्याचंही उत्तर सरकारने लगेच दिलं. 10 ऑगस्ट 2018 ला प्राधिकरणाने वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याची मोहीम काढली. नाव ठेवलं ‘रुको’. आमच्या गल्लीपुरतं सांगते, मोहीम नावाला जागली. ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत येता येता जी कुठे थांबली, ती अजून आलेली नाही.

आता आपलेच आकडे आपल्यापुढे ठेवते. फराळाचा हिशेब वहीत मांडते, तसाच हाही मांडला आहे.

2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने सांगितलं, 2011-12 पर्यंत 20 टक्के बायोडिझेल. तेव्हा भिस्त मोगली एरंडावर होती. 2005 मध्ये खरेदीचं धोरण आलं, दर 25 रुपये लिटर. त्या भावात करणाऱ्याला परवडेना आणि घेणाऱ्याला मिळेना. 2009 च्या धोरणात पुन्हा 20 टक्के, पण 2017 पर्यंत. ऑगस्ट 2015 मध्ये दिल्ली, विशाखापट्टणम, हल्दिया आणि विजयवाडा इथल्या निवडक पंपांवर 5 टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. माहूलला दोन-दोन रिफायनऱ्या असलेली मुंबई त्या यादीत नव्हती. मग 2018 आलं: 5 टक्के, 2030 पर्यंत. म्हणजे विसाचे पाच झाले आणि 2012 चं 2030 झालं. उधारीवाला गिऱ्हाईक असंच करतो. रक्कम कमी करून मागतो, तारीख पुढची देतो, आणि बोलणं मात्र इतकं गोड की नाही म्हणवत नाही.

पुढे ऐका. 10 ऑगस्ट 2019 ला आपल्या आधीच्या मंत्रिमहोदयांनी 100 शहरांसाठी योजना जाहीर केली. वापरलेल्या तेलापासून केलेलं बायोडिझेल सरकारी तेल कंपन्या घेणार, पहिल्या वर्षी 51 रुपये लिटरने, दुसऱ्या वर्षी 52 रुपये 70 पैशांनी, तिसऱ्या वर्षी 54 रुपये 50 पैशांनी. तेव्हाच सांगितलं गेलं की देशात वर्षाला 2700 कोटी लिटर खाद्यतेल लागतं, त्यातलं 140 कोटी लिटर हॉटेलं, उपाहारगृहं, कँटीन अशा मोठ्या गिऱ्हाइकांकडून परत गोळा करता येईल आणि त्यातून 110 कोटी लिटर बायोडिझेल होईल. प्राधिकरणाचा अंदाज त्याहून दिलदार होता: 2022 पर्यंत 220 कोटी लिटर तेल. 2022 येऊन गेलं, महोदय.

देशाचं डिझेल 2024-25 मध्ये 9 कोटी टनांच्या वर गेलं, म्हणजे ढोबळमानाने 11 हजार कोटी लिटर. त्याचे 5 टक्के साडेपाचशे कोटी लिटर. तुमचे 110 कोटी लिटर पूर्ण हाती आले असते तरी उद्दिष्टाचा पाचवा हिस्साच भरला असता. उरलेले चार हिस्से कुठून येणार होते? ताज्या तेलातून? खायचं निम्म्याहून अधिक तेल आपण परदेशातून आणतो. ते इंजिनात ओतणं हा शहाणपणा नाही, हे तुम्हीही जाणता. कोकणात उंडी आणि करंज आहेत, पण त्यांच्या बिया वेचायची व्यवस्था कागदावरसुद्धा धड दिसत नाही. मग जो पाचवा हिस्सा शहरात रोज कढईतून निघतो, तो तरी सोडायचा नव्हता.

तो सुटतो कुठे, हे मी सांगते. नियम असा की रोज 50 लिटरहून अधिक तेल तळणीला वापरणाऱ्याने त्याची नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत गोळा करणाऱ्याला द्यायचं. मी 50 च्या खाली. कोपऱ्यावरचा वडेवाला खाली. समोरचा भजीवाला खाली. गिरगावात तळणाऱ्या शंभर जणांना विचारा, बहुतेक सगळे 50 च्या खाली निघतील. कायद्याला आम्ही दिसत नाही, आणि शहराचं तेल आमच्याच कढयांतून जातं. तुम्ही योजना टँकरसाठी केली. मुंबईत तेल पाच लिटरच्या कॅनमधून निघतं.

मी स्वतः देऊन पाहिलं. अधिकृत गोळा करणाऱ्यांच्या यादीतल्या एकाला फोन केला. एवढ्याशा मालासाठी गाडी पाठवणं परवडत नाही, म्हणाला. त्याचंही खोटं नाही. एका कार्यालयाला तीन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला उत्तर नाही, तिसऱ्याला आलं: ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे.’ संबंधित विभाग कोणता, हे त्या कागदावर नव्हतं.

आमच्याकडे न बोलावता एकच माणूस येतो. रात्री साडेदहानंतर, स्कूटरवर, पायाशी दोन निळे कॅन. तेल गाळलेलं आहे का विचारतो, बोट बुडवून बघतो, रोख पैसे मोजतो. पावती नाही. तेल कुठे जातं, हे मी कित्येक वर्षं विचारलं नाही. विचारलं असतं तर तो यायचा बंद झाला असता आणि उरली असती मोरी. मोरीत ओतलेलं तेल आपल्या गटारात थिजतं. त्याच्या कॅनमधलं बहुधा कुठल्यातरी स्वस्त कढईत परत उकळतं आणि आपल्याच पोरांच्या पोटात जातं. या पापात माझा वाटा आहे, तो मी इथे लिहून देते. आपला वाटा आपण लिहावा.

वास्तविक काम अवघड नाही. 100 किलो तेलात अंदाजे 10 किलो मिथेनॉल आणि थोडा क्षार घालून ते तापवलं की साधारण 100 किलो बायोडिझेल आणि 10 किलो ग्लिसरीन सुटं होतं. गंधक जवळजवळ नाही, धूर कमी, काजळी कमी. वापरलेल्या तेलाचं असेल तर मुळापासून धरलेलं कर्बउत्सर्जन साध्या डिझेलपेक्षा 80 टक्क्यांहून जास्त घटतं. नायट्रोजन ऑक्साइड किंचित वाढू शकतात, जुन्या गाडीचा फिल्टर सुरुवातीला तुंबतो, हेही मान्य. थंडीत ते गोठतं म्हणतात. मुंबईत ती भीती घालू नका. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. सव्वाशे वर्षांनी आम्हाला कॅन कुठे द्यायचा तेवढं कळत नाही.

जमत नाही म्हणू नका. पेट्रोलमधलं इथेनॉल 2014 मध्ये दीड टक्का होतं, 2025 मध्ये 20 टक्के झालं, तेही मुदतीच्या पाच वर्षं आधी. उसाला कारखाना आहे, कारखान्याला संचालक मंडळ आहे, मंडळाला आमदार आहे. कढईला कोण आहे? 2021 मध्ये मिश्रणासाठीच्या बायोडिझेलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आणलात, आभारी आहोत. ती सवलत कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचली. फाटकापासून फणसवाडीपर्यंतचं अंतर तसंच आहे.

आणि धाक दाखवता येत नाही असंही नाही. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिने दिले. लगोलग पालिकेच्या नोटिसा निघाल्या. ते खातं आपलं नव्हे, ठाऊक आहे. पण वडापाव एकच असतो, महोदय. त्यातल्या पावाला नोटीस आणि वड्याच्या तेलाला माफी, हा न्याय आम्हाला उलगडत नाही.

मागणी मोठी नाही. प्रत्येक वॉर्डात तेल घेणारी एक जागा द्या. रेशनचं दुकान चालेल, दुधाचं केंद्र चालेल. दारावर त्या दिवसाचा भाव लिहा, एक लिटरसुद्धा घ्या आणि पावती द्या. त्या तेलाचं बायोडिझेल इथेच, पालिकेच्या डिझेल गाड्यांत आणि ससून डॉकच्या ट्रॉलरमध्ये जाऊ द्या, म्हणजे कोणाच्या कढईतून निघालं आणि कोणाच्या टाकीत गेलं हे शहराला दिसेल. बायोडिझेलच्या नावाखाली भलतंच औद्योगिक तेल विकणाऱ्यांवर गुजरातेत आणि महाराष्ट्रात धाडी पडल्या आहेत. पावतीची साखळी असेल तर त्यांचीही पंचाईत होईल.

मागच्या दिवाळीपासून मी स्कूटरवाल्याला तेल दिलेलं नाही. सुती फडक्यातून गाळून, झाकणं घट्ट लावून तीन डबे जिन्याखाली ठेवले आहेत. वासावरून शेजारणीशी दोनदा भांडण झालं, उंदरांनी एक झाकण कुरतडलं, पण तेल जागेवर आहे. बालाजीच्या देवळाजवळ कोणालाही फराळवालीचं घर विचारा, दाखवतील.

न्यायला माणूस पाठवा. पावतीबुक मात्र बरोबर द्या.

आपली,
50 लिटरच्या खालची एक फराळवाली
फणसवाडी, गिरगाव, मुंबई