एक लाखात १४ रुग्ण की ४३? विम्याच्या कागदांतून मोजलेला फुफ्फुसविकार

इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिस, म्हणजे आयपीएफ. या आजारात फुफ्फुसांत व्रणासारखे तंतू वाढतात आणि ती हळूहळू कडक होतात. कोरडा खोकला जात नाही, जिना चढताना दम लागतो. असे रुग्ण नेमके किती?

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने हे विमा दाव्यांवरून मोजले. प्रत्येक दाव्यावर आजाराचा कोड असतो. हा कोड असलेले प्रौढ घेतले आणि ज्यांना पुढे दुसरा तत्सम फुफ्फुसविकार नोंदला गेला त्यांना वगळले, तर लाखामागे सुमारे ४३ रुग्ण भरले. छातीचा सीटी स्कॅन किंवा बायोप्सी झाल्याचा दावाही हवा, अशी अट घातली की उरले १४. लोक तेच, कागद तेच. व्याख्या बदलली आणि आकडा एक तृतीयांश झाला.

नंतर मेडिकेअर या सरकारी विम्यातल्या ६५ वर्षांवरील लोकांचे दावे तपासले गेले. २००१ मध्ये लाखामागे २०२ रुग्ण होते, २०११ मध्ये ४९४. साथ आल्यासारखे वाटते ना? पण दरवर्षी नव्याने सापडणाऱ्यांचे प्रमाण जवळपास स्थिर होते. निदानानंतर लोक जास्त काळ जगले, तरी एकूण संख्या अशी फुगते. म्हणून अशी बातमी वाचताना मी आधी पाहतो, आकडा नव्या रुग्णांचा आहे की एकूण रुग्णांचा.

आता आपल्याकडचे. आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले योजनेचा दावा मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावरच तयार होतो. आयपीएफचा रुग्ण मात्र बरीच वर्षे ओपीडीतच खोकत असतो. माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक घ्या. पाठीला स्टेथोस्कोप लावला की वेल्क्रो उचकटल्यासारखा आवाज. सीटीत फायब्रोसिस स्पष्ट. दोन पावसाळ्यांत दोनदा दाखल झाले, आणि दोन्ही डिस्चार्ज कार्डांवर फक्त ‘न्यूमोनिया’. दावाही त्याच नावाने गेला. खोटे काहीच नव्हते, जंतुसंसर्ग झालाच होता. पण विम्याच्या हिशेबात गुरुजींना फायब्रोसिस नाही!

कोड टाकला तरी तो अचूक असेलच असे नाही. भारतातल्या २७ केंद्रांवरील १,०८४ रुग्णांच्या नोंदवहीत, तज्ज्ञांनी एकत्र बसून निदान केल्यावर, आयपीएफ जेमतेम १४ टक्के निघाला. जवळपास निम्म्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या बुरशी, पक्ष्यांची विष्ठा अशा गोष्टींमुळे होणारा आजार. अनेकांच्या घरी एअर कूलर होते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, पण घाईत लिहिलेल्या फॉर्मवर दोन्ही ‘आयएलडी’च होतात.

आयपीएफचा वेग कमी करणाऱ्या पिरफेनिडोन आणि निनटेडॅनिब या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. फक्त दाखल होण्याचा खर्च देणाऱ्या विम्यात त्या सहसा बसत नाहीत. उद्या याच दाव्यांवरून रुग्णसंख्या ठरवली, तर ती नगण्य दिसेल आणि गोळ्यांसाठी तरतूद मागायलाही आधार उरणार नाही.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर डिस्चार्ज घेताना मूळ आजाराचे पूर्ण नाव कार्डावर आहे का ते पाहा. नसेल तर डॉक्टरांना लिहून द्यायला सांगा. गुरुजींच्या तिसऱ्या कार्डावर ते आहे. त्यांच्या मुलीने काउंटरवर थांबून लिहून घेतले.